शक्तीच्या कानात सांगितलेलं गुपित

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, ग्रंथ आटोपता आटोपता, ज्ञानेश्वर आपली गुरुपरंपरा सांगतात. 'क्षीरसिंधु परिसरीं । शक्तीच्या कर्णकुहरीं । नेणों कैं श्रीत्रिपुरारीं । सांगितलें जें ॥' क्षीरसमुद्राच्या काठी शंकराने पार्वतीच्या कानात काही सांगितलं. कधी, ते ठाऊक नाही. माशाच्या पोटात दडलेल्या मच्छिंद्राच्या ते हाती लागलं, त्याच्याकडून गोरक्षाला, गोरक्षाकडून गहिनीनाथांना आणि त्यांच्याकडून निवृत्तीला मिळालं. ग्रंथ शके १२१२चा, म्हणजे इ. स. १२९०चा. विद्या सांगितली बाईला आणि पुढे गेली ती आडून ऐकणाऱ्याकडून, असं या वंशावळीचं गमतीशीर मूळ आहे. काही लोककथा तर आणखी पुढे जातात: ऐकता ऐकता पार्वतीला डुलकी लागते आणि तिच्याऐवजी हुंकार देतो तो मासाच.

अध्यात्मातल्या स्त्रियांविषयी लिहायचं म्हटलं की गार्गी-मैत्रेयीला वंदन करून आरंभ करायचा रिवाज आहे. इथे तो बाजूला ठेवतो. मराठी मुलखापुरता या प्रश्नाचा माग पार्वतीच्या त्या कानापासूनच नीट लागतो. ऐकायला बायका पहिल्यापासून होत्या. सांगणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव कधी चढलं आणि कधी गळलं, हे पाहायचं आहे.

आधी मच्छिंद्राकडेच पाहू. हा नुसता पोथीतला नाथ नव्हे. काश्मीरचा शैव आचार्य अभिनवगुप्त सुमारे हजार साली आपल्या तंत्रालोक या ग्रंथाच्या आरंभी त्याला मच्छंद या नावाने वंदन करतो. त्याच्या नावावरचा 'कौलज्ञाननिर्णय' हा संस्कृत तंत्रग्रंथ नेपाळातल्या जुन्या हस्तलिखितावरून प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ साली कलकत्त्याहून छापला. हे शास्त्र कामरूपात योगिनींच्या घरोघरी आहे, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. कामरूप म्हणजे आसाम. म्हणजे ही गूढविद्या ज्यांच्याकडून शिकायची त्या बायका होत्या, असं मच्छिंद्राच्या नावावरचा ग्रंथच सांगतो.

आता आपल्याकडे घरोघर वाचला जाणारा 'नवनाथ भक्तिसार' उघडा. धुंडीसुत मालूने तो शके १७४१मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा केला. त्यात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन अडकतात, संसारात रमतात आणि शिष्य गोरक्ष त्यांना सोडवायला जातो. 'चलो मच्छिंदर गोरख आया' हा मृदंगाचा बोल आजही कुणी वाट चुकला की सहज तोंडी येतो. योगिनींची घरं होती तिथे मोहाचं राज्य आलं, शिकायला गेलेला माणूस फसलेला ठरला. मधल्या आठनऊशे वर्षांत नाथपंथ ब्रह्मचर्याकडे वळला आणि त्याच्या आठवणीने आपल्याच आरंभाला असं उलटं वळण दिलं, असं मला वाटतं. अर्थात त्याच पोथीत गोपीचंदाची आई मैनावतीही आहे. ती जालंदरनाथांची शिष्या होते आणि राजगादीवरच्या लेकाला योगाच्या वाटेला लावू पाहते. म्हणजे जुनी खूण पुरती पुसली गेलेली नाही.

ज्ञानेश्वरांच्या थोडं आधी याच मुलखात महानुभाव पंथ उभा राहिला. चक्रधरांनी बायकांना संन्यास दिला. त्यांच्याभोवती बाइसा, महादाइसा, उमाइसा, आबाइसा अशा कितीतरी स्त्रिया वावरत होत्या. पुढे म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' जुळवलं तेव्हा आठवणी सांगणाऱ्यांत त्या होत्या. पाळीच्या विटाळाच्या प्रश्नावर चक्रधरांनी दिलेलं उत्तर आजही थक्क करतं: नाकाडोळ्यांतून, कानांतून जसा मळ बाहेर येतो तसाच हाही देहाचा एक धर्म, त्याचा विटाळ कसला? तेराव्या शतकात एका संन्याशाने हे स्वच्छ मराठीत सांगितलं आणि शिष्यांनी ते जसंच्या तसं टिपून ठेवलं. त्याच पंथाच्या आचारसूत्रांत मात्र भिक्षूने चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये असाही दंडक आहे. दोन्ही गोष्टी एकाच पंथात सुखाने नांदल्या.

महादाइसा हे त्या मंडळीतलं सर्वांत लखलखीत नाव. बालविधवा, चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांची चुलत बहीण, प्रश्न विचारण्यात सगळ्यांच्या पुढे. 'म्हातारी जिज्ञासक, म्हातारी चर्चक' असं चक्रधर तिच्याविषयी म्हणाले, कारण ती सतत काहीतरी पुसतच असे. ऋद्धिपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा तिने रुक्मिणीस्वयंवराचे 'धवळे', म्हणजे लग्नातली गाणी, गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिची गणना होते ती या धवळ्यांमुळे.

या पंथाने मराठी धरून ठेवली त्यातही बायकांचाच हात आहे. केशोबास संस्कृत जाणणारा पंडित. त्याने पंथाचं तत्त्वज्ञान संस्कृतात विचारलं आणि लिहायला घेतलं तेव्हा नागदेवांनी त्याला अडवलं: असं नको, माझ्या म्हाताऱ्या याला मुकतील. 'स्मृतिस्थळ' या पंथाच्याच ग्रंथातला हा प्रसंग मराठी भाषेच्या अभिमानाने पुष्कळदा सांगितला जातो. सांगताना अभिमान भाषेचा राहतो आणि त्या म्हाताऱ्या मात्र बाजूला पडतात.

पुढचा फेरा विचित्र आहे. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून मराठीत ठेवलेलं वाङ्मय पंथाने पुढे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केलं. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेल्या पोथ्या मठात राहिल्या, बाहेरच्याला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मग कुठे महादाइसा मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आली. तोवर कित्येक शतकं ती फक्त पंथीयांची होती.

मुक्ताबाईचं तसं झालं नाही. ती सगळ्यांची झाली, पण लहान बहीण म्हणून. 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' हा अभंग शाळेत शिकताना आपल्या डोळ्यांपुढे रुसलेला भाऊ आणि समजूत घालणारी बहीण येते. अभंग नीट वाचले तर त्यांत बहिणीची आर्जवं फार थोडी सापडतात. 'योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा । विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥' हे गुरूने शिष्याला खडसावावं तसं आहे. चांगदेवाची गोष्टही सगळ्यांना माहीत असते. योगाच्या बळावर चौदाशे वर्षं जगलेला हा सिद्ध ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसतो आणि मायना काय घालावा हे न कळून कोरा कागद पाठवतो. इतकी वर्षं जगून कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली म्हणतात. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, ती 'चांगदेव पासष्टी'. गोष्ट बहुतेकदा इथेच किंवा चालत्या भिंतीवर थांबते. चांगदेवाने नंतर गुरू केलं ते मुक्ताबाईला, हे शेपटासारखं कधीमधी जोडलं जातं. तिचं 'मुंगी उडाली आकाशीं । तिणें गिळिलें सूर्यासी' हे कूट तर नाथयोग्यांच्या उलट्या बोलीतलंच आहे. अशी भाषा दीक्षेच्या वर्तुळातला माणूस बोलतो.

जनाबाईविषयीही आपली समजूत अशीच अर्धी आहे. दळण, कांडण, शेणी आणि मदतीला आलेला विठोबा एवढंच चित्र मनात पक्कं झालेलं असतं. तिच्याच गाथेत 'शून्यावरी शून्य पाहे । तयावरी शून्य आहे' असा अभंग आहे. अधःशून्य रक्तवर्ण, ऊर्ध्वशून्य श्वेत, मध्यशून्य श्याम, महाशून्य निळं, अशी योगातल्या अनुभवाची पायरीपायरीने नोंद करून ती शेवटी म्हणते, 'अनुहत घंटा श्रवणीं । ऐकुनी विस्मय झाली जनी'. नामदेवाघरच्या या दासीला हा शब्दसंग्रह कुठून मिळाला? नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, आणि त्यांचं नातं ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंच्या वर्तुळाशी. बहुधा तिथूनच ओटीवरून माजघरात हे पोचलं असावं. जात्यावरच्या ओव्यांत बायका आजही जनीचं नाव घेतात ते सखी म्हणून. योगिनी म्हणून तिला ओळखण्याची आपल्याला सवय नाही, एवढंच.

चोखामेळ्याची बायको सोयराबाई हिने चक्रधरांचाच विषय दुसऱ्या टोकाकडून उचलला. चक्रधरांना ते उत्तर देताना स्वतःच्या अंगावरचा विटाळ सांभाळायचा नव्हता. सोयराबाईला जातीचा आणि बाईपणाचा असे दोन होते. 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥' देह विटाळातूनच जन्मतो तर सोवळा कोण राहिला, हा तिचा प्रश्न. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला तर देह हाच पाश झाला होता. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आल्यावर ती पंढरीच्या देवळात शिरली आणि तिथेच तिने प्राण सोडला अशी कथा आहे. देवळाच्या आवारातलं तरटीचं झाड तिचं म्हणून दाखवतात.

या सगळ्या जणींविषयी दुसऱ्यांनी सांगितलं. स्वतःविषयी स्वतः सविस्तर सांगितलं ते शिऊरच्या बहिणाबाईने. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, नावामुळे घोटाळा होतो.) हिचा काळ १६२८ ते १७००, जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. तीन वर्षांची असताना तिशीतल्या बिजवराशी लग्न झालं. तो ज्योतिषी आणि वैदिक. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग कानी पडले, लाडकं वासरू गेलं, त्या दुःखात सात दिवस शुद्ध हरपली आणि स्वप्नात तुकोबांनी मंत्र दिला. ही १६४० सालची गोष्ट, तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं हे नवऱ्याला सहन झालं नाही. त्याने मारलं, बांधून घातलं. हे सगळं तिने अभंगांत लिहून ठेवलं आहे, आणि शेवटच्या दिवसांत लेकाला आपले मागचे जन्मही सांगितले. जन्मावरून ब्राह्मण्य ठरवण्याला आव्हान देणारी 'वज्रसूची'ही तिने मराठीत आणली.

तिचा एक अभंग फार उघडा आहे. 'वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥ मी तों सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची ॥' स्त्रीच्या संगतीत हित नाही हा उपदेश पुरुषासाठी लिहिलेला. बाईने तो वाचला तर तिने आपल्या देहाची संगत कशी सोडायची? शास्त्र लिहिताना समोरचा श्रोता पुरुषच धरलेला असतो, ही फट तिने दोन ओळींत दाखवून दिली.

आता तिची गुरुपरंपरा पाहा. 'आदिनाथें उपदेश पार्वतीस केला । मत्स्येंद्रें ऐकिला मच्छगर्भीं' अशी ती सुरू होते. ज्ञानेश्वरीतलीच ती गोष्ट. मग गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश, सच्चिदानंदबाबा, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी, तुकोबा, आणि अखेर बहिणी. आरंभी बाई, शेवटी बाई, मध्ये सगळे पुरुष. मुक्ताबाई त्या यादीत नाही. बहिणाबाईने मुद्दाम गाळलं असं म्हणवत नाही. तिच्यापर्यंत यादी आली तीच अशी होती. स्वतःचं नाव मात्र तिने स्वतःच्या हाताने खाली घातलं.

त्याच सुमाराला रामदासांनी एक पाऊल पुढे टाकलं. बालविधवा वेणाबाईला त्यांनी लोकांपुढे उभं राहून कीर्तन करायची परवानगी दिली आणि मिरजेचा मठ तिच्या हाती सोपवला. चाफळ-सज्जनगडाची व्यवस्था अक्काबाईने सांभाळली. अनुग्रह आणि मठ ही दोन्ही बाईकडे असल्याचं मराठी मुलखातलं हे ठळक उदाहरण. ती गादी पुढे बाईकडून बाईकडे अशी मात्र चालली नाही.

विसाव्या शतकात साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान काढलं, कन्यांना वेदमंत्र शिकवले, यज्ञ त्यांच्या हातून करवले. १९४१ साली ते गेल्यावर गोदावरीमातांनी जवळजवळ पन्नास वर्षं तो आश्रम चालवला. पुण्यात १९७०च्या दशकापासून बायका पौरोहित्य शिकू लागल्या आणि आता गुरुजींच्या जागी बाई आल्या तर मांडवात कुणी वळून पाहत नाही. पंढरपुरात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि मग मंदिर समितीने पूजेसाठी सगळ्या जातींतून अर्ज मागवले, बायकांनाही बोलावलं.

मुक्ताबाईची पालखी दरवर्षी आषाढीसाठी मुक्ताईनगरहून निघते. तापीकाठापासून भीमेपर्यंतची चाल महिनाभराहून अधिक. पंढरीच्या मानाच्या पालख्यांत तिची गणना होते. जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर शिष्याचं, चांगदेवाचं देऊळ आहे. गुरू आणि शिष्य असे शेजारी नांदतात. पालखीच्या फलकावर, दिंडीच्या पताकेवर, गावच्या कमानीवर तिच्या नावामागे बिरुद असतं ते 'आदिशक्ती'. जिच्या कानात पहिल्यांदा सांगितलं गेलं, तिचंच नाव.