कळलावी आणि घरातील भांडणे

कळलावीचा वेल अंगणात लावला किंवा तिचे फूल घरात आणले की भांडणे होतात, हा समज महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्याला कोणताही आधार नाही. तमिळनाडूने तर याच फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला असून तेथे बियांसाठी तिची शेती केली जाते. मात्र या समजामुळे खरा धोका झाकला जातो, याची मला अधिक काळजी वाटते. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते, आणि कंद पोटात गेल्यास जीवही जाऊ शकतो. म्हणून घरगुती औषध म्हणून तो कधीही वापरू नये. लहान मुले आणि गुरे यांच्यापासून वेल दूर ठेवावा.

दुसरा गैरसमज बागेतला आहे. पावसाळ्यात पानांच्या टोकांच्या तणाव्यांनी कुंपणावर चढून पिवळ्या-लाल फुलांनी बहरलेला वेल पुढे वाळतो, तेव्हा तो मेला असे समजून कुंडी रिकामी केली जाते. वास्तविक ही बहुवर्षायू वनस्पती असून कंद जमिनीखाली सुप्तावस्थेत असतो. या काळात पाणी देत राहिल्यास तो कुजतो. निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन तिला मानवते. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो आणि तो मोडला तर फाटा उगवत नाही, त्यामुळे कंद हातमोजे घालून अलगद हाताळावा. रानातून मात्र तो खणून आणू नये.