उतार संपल्यावर चाकात काय उरतं?

रेल्वेचं चाक रुळाला जेमतेम एका चौरस सेंटिमीटरएवढ्या जागेत टेकतं. भरलेल्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, दहा टनांचा भार त्या टिचभर जागेतून जातो. दर फेऱ्याला दाब येतो, सुटतो, पुन्हा येतो आणि कालांतराने पोलादात केसासारख्या भेगा पडतात. हा धातूचा थकवा. उष्णता त्याला हातभार कशी लावते, ते पाहण्यासारखं आहे.

बऱ्याच मालगाड्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या धावत्या पृष्ठभागावर घासतात. आठ चाकांची 80 टनी वाघीण 500 मीटर खाली उतरली, की प्रत्येक चाकाच्या वाट्याला सुमारे 5 कोटी ज्यूल ऊर्जा येते. ती सगळी 400 किलोच्या चाकात मुरली, तर त्याचं तापमान अडीचशे अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते. पण उरलेली आधी कडेत साचते, म्हणून कड बाकीच्या चाकापेक्षा खूपच जास्त तापते.

चाकाच्या पोलादात लोह आणि लोह-कार्बाइड यांचे अतिपातळ थर एकाआड एक असतात. झीज सोसण्याची ताकद त्यांच्यातच. पाचशे अंशांच्या पुढे बराच वेळ गेला, की कार्बाइडचे थर तुटून त्यांचे गोळे होतात आणि पोलाद मऊ पडतं. चाक जाम होऊन घसरलं तर उलटंच होतं: पृष्ठभाग क्षणात सातशे अंशांपलीकडे जातो, खालचं थंड पोलाद त्याला तितक्याच झटकन निववतं आणि मार्टेन्साइटचा कडक, ठिसूळ थर तयार होतो. पुढे त्याचे टवके उडतात.

माझ्या मते खरा घात मात्र दिसत नाही. चाक बनवताना तापलेली कड मुद्दाम पाण्याने आधी निववतात. मधला भाग मागाहून आकसतो आणि कडेला कायमचं दाबून धरतो, त्यामुळे भेगा मिटलेल्या राहतात. लांब उतारावर तापलेल्या कडेला प्रसरण पावायचं असतं, पण थंड मधला भाग तिला अडवतो. मऊ झालेलं पोलाद तिथेच दबतं. निवल्यावर ही कड आखूड पडते आणि दाबाच्या जागी ताण येतो. आता तीच भेग उघडत जाते, आणि चाक फुटूही शकतं.

मधला भाग वक्र केला, तर तो थोडा लवतो आणि ताण घटतो. डिस्क ब्रेकमुळे उष्णता धावत्या पृष्ठभागापासून दूर राहते. पण ठोकळ्यांच्या घासण्यात कोवळ्या भेगाही झिजून जात; डिस्क ब्रेकच्या चाकावर त्या वाढायला मोकळ्या राहतात.