फोर-के कॅमेरा घेण्याआधी

(दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सांगली जिल्ह्यातल्या आमच्या डॉक्टर-ग्राहकांसाठी)

डॉक्टरसाहेब, आमच्या मिरजेच्या दुकानात हल्ली पहिला प्रश्न एकच येतो, "फोर-के घेऊ का?" विकणारे आम्हीच, तेव्हा 'घ्या' म्हणायला आमचं काय जातं? पण चित्र धूसर दिसतंय म्हणून फोन आला की जतला किंवा विट्याला धावायचंही आम्हालाच असतं. म्हणून चार गोष्टी आधीच सांगतो.

फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८०, म्हणजे साधारण २१ लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख, चौपट. तरी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) फरक जाणवतो तो आकड्यांपेक्षा रंगांचा. फोर-के प्रणालीत रंगांचा पल्ला बहुधा मोठा असतो आणि पोटातला बहुतेक कारभार लाल रंगाच्याच छटांमध्ये चालतो. लॅप-कोलीत (दुर्बिणीतून पित्ताशय काढताना) सिस्टिक डक्ट आणि आर्टरी, म्हणजे पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी, मोकळी करताना, किंवा पेरिटोनियमवरचे (पोटाच्या आतल्या अस्तरावरचे) एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाचं अस्तर भलतीकडे वाढण्याच्या आजाराचे) बारीक डाग शोधताना, या छटा वेगळ्या दिसणं कामाला येतं. चित्र झूम केलं तरी लवकर फाटत नाही. त्यामुळे स्कोप (पोटात घालायची दुर्बीण) जरा मागे ठेवता येतो, धूर आणि शिंतोडे कमी बसतात, पुसायला बाहेर काढण्याच्या फेऱ्या कमी होतात.

एवढंच. फोर-के म्हणजे थ्रीडी नव्हे. आणि 'कॅमेरा बदलला की ऑपरेशन निम्म्या वेळात' असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन करून भारतात ही वाट सुरू केली, तेव्हा टीव्हीच्या दर्जाचंच चित्र होतं.

पैसे कुठे वाया जातात

टेलिस्कोप, लाइट केबल, लाइट सोर्स, कॅमेरा हेड (स्कोपला लावायचा कॅमेरा), सीसीयू (चित्र तयार करणारी कॅमेऱ्याची पेटी), मॉनिटर आणि मधल्या वायरी या सगळ्यांतून चित्र येतं. यातली एक वस्तू जुनी असली की बाकीच्यांचा खर्च पाण्यात. मागे एका ओटीत नवा कॅमेरा, नवा मॉनिटर, आणि डॉक्टर म्हणतात, "फरकच नाही." टेबलाखाली वाकून बघितलं, तर सीसीयूमधून वायर आधी जुन्या रेकॉर्डरमध्ये जात होती आणि तिथून मॉनिटरला. रेकॉर्डर एचडीचा. म्हणजे मॉनिटरपर्यंत फोर-के पोचतच नव्हतं! थेट वायर जोडली, काम झालं. (जोडणी आमच्याच माणसाने केली होती, हेही सांगून टाकतो.)

लाइट केबल घरच्या घरी तपासता येते. सोर्सवरून काढून तिचं एक टोक ट्यूबलाइटकडे धरा आणि दुसऱ्या टोकात बघा. जितके काळे ठिपके, तितके तंतू तुटलेले. पाव भाग काळा दिसला तर आधी केबल बदला, कॅमेऱ्याचं मग बघू. सोर्सला जोडलेल्या केबलमध्ये मात्र चुकूनही डोकावू नका. सेन्सर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप) तेवढाच राहून ठिपके चौपट झाले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो, म्हणून फोर-केला उजेड जास्त लागतो. १० मिमीच्या स्कोपवर हे चालून जातं. ५ मिमीचा जुना स्कोप असेल तर चित्र काळवंडतं, आणि दोष कॅमेऱ्याला मिळतो.

मॉनिटर किती लांब आहे, हे कोणी विचारतच नाही. ३२ इंची पडद्यावर एचडी आणि फोर-केमधला बारकाव्याचा फरक साधारण ४ फुटांच्या आतच डोळ्याला कळतो. ५५ इंची असेल तर ७ फुटांपर्यंत. मॉनिटर भिंतीवर ८ फूट लांब असेल, तर आधी तो जवळ, समोर आणि नजरेच्या किंचित खाली आणा. याला खर्च फक्त स्टँडचा.

'फोर-के' लिहिलेली प्रत्येक पेटी फोर-के असतेच असं नाही. काही कॅमेऱ्यांत सेन्सर एचडीचाच असतो आणि सीसीयू चित्र ताणून मोठं करतो. म्हणून सेन्सरचे मूळ ठिपके किती, हे कोटेशनवर लिहून मागा. आमच्याकडूनसुद्धा. गॅस्ट्रोस्कोप, कोलोनोस्कोपच्या (जठर आणि मोठं आतडं बघायच्या लवचिक दुर्बिणींच्या) बाबतीत तर विचाराच. तिथे सेन्सर टोकावरच बसवलेला असतो, जागा इवलीशी, त्यामुळे प्रोसेसरवर फोर-के लिहिलेलं असलं तरी स्कोप तसा असेलच असं नाही.

रेकॉर्डिंग ठेवत असाल तर डिस्क मोठी घ्या. ५० मेगाबिटच्या वेगाने तासाला २२ जीबीच्या वर जागा लागते. आणि कॅमेरा हेड ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारायच्या यंत्रात) टाकण्याआधी त्यावरची खूण वाचा. बऱ्याच हेडना ते चालत नाही, आणि ही चूक वॉरंटीत बसत नाही.

डेमो असा बघा

दहाच्या नव्या नोटेवर डोळ्याला धड न दिसणारी बारीक अक्षरं छापलेली असतात. जुना आणि नवा कॅमेरा एकाच स्कोपवर लावा, नोटेपासून हळूहळू मागे या आणि अक्षरं कुठे हरवतात ते मोजा. रंगांसाठी आम्ही आटपाडीचं डाळिंब अर्धं चिरून ठेवतो. दाण्यांचा लाल, त्यातली पांढुरकी शीर, वरचा पातळ पडदा हे सगळं वेगवेगळं दिसलं पाहिजे.

येताना रोजच्या वापरातला आपला स्कोप आणि केबल घेऊन या. आमच्या कोऱ्या स्कोपवर कुठलाही कॅमेरा छानच दिसतो. नोट आणि डाळिंब आमच्याकडे आहे.