तिरप्या आरशाचा सपाटपणा: ‘एक दशांश तरंग’ नेमका कशाचा?

परावर्तक दुर्बिणीत मोठा मुख्य आरसा प्रकाश गोळा करतो आणि नळीतला छोटा, सपाट, लंबगोल तिरपा आरसा तो बाजूला वळवतो; त्याचा सपाटपणा विक्रेते ‘एक दशांश तरंग’ असा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिश्श्यात, सांगतात. १६६८ साली बनलेल्या पहिल्या यशस्वी परावर्तक दुर्बिणीतला तिरपा आरसा तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा होता. त्याचा सपाटपणा आकड्यात सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकात, एकरंगी प्रकाशातले व्यतिकरणाचे पट्टे (दोन काचांमधल्या फटीमुळे उमटणाऱ्या उजेड-अंधाराच्या रेघा) कारागीर वाचू लागले तेव्हा. ताडून पाहायला सपाट काच नसेल तर तीन चकत्या आळीपाळीने एकमेकींवर ठेवून तपासत. दोनच घेतल्या तर एकीचा खोलगटपणा दुसरीच्या फुगवट्यात बेमालूम लपतो.

मुख्य आरसा घरी घासायचा आणि तिरपा विकत आणायचा, ही हौशी मंडळींची रीत जुनीच. त्यामुळे तिरप्याची तपासणी झालीच तर खरेदीनंतर. पूर्वी त्यासाठी सोडियमचा दिवा लागे. आता जुना सीएफएल आणि हिरवा फिल्टर पुरतो, कारण पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची रेषा त्यात मिळते. आरसा आणि ऑप्टिकल फ्लॅट (ताडून पाहायची सपाट काच) धूळ राहणार नाही असे पुसून आरशावर फ्लॅट ठेवायचा आणि मग अर्धा तास तरी हात लावायचा नाही. बोटांच्या उबेनेही काच वाकते आणि चांगला आरसा वाईट ठरतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये फटीचा फरक अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे २७३ नॅनोमीटर असतो. पट्टे लंबगोलाच्या लांब अक्षाला समांतर आणावेत. गोल कडी दिसत असतील, तर नजर तिरकी करत न्यावी: कडी बाहेर पसरली तर फुगवटा, आत गोळा झाली तर खळगा. ॲल्युमिनियमच्या मुलाम्यावर पट्टे फिके दिसतात, पण दिसतात.

खरा घोळ पट्टे मोजून झाल्यावर सुरू होतो. समजा पट्ट्यांमधलं अंतर १० मिमी आणि पट्ट्याचा बाक २ मिमी आहे. म्हणजे पृष्ठभागाची चूक १/१० तरंग, साधारण ५५ नॅनोमीटर. प्रकाश सरळ समोरून पडला तर परावर्तनात ती दुप्पट होते, म्हणजे १/५. दुर्बिणीत तो ४५ अंशांत पडतो, तेव्हा १.४१ पट, म्हणजे सुमारे १/७. आणि मोजणी ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेसरवर सांगितली, तर तोच पृष्ठभाग जवळपास १/११.५ होतो. काच एक, आकडे चार, आणि एकही खोटा नाही. लेसर इंटरफेरोमीटर (हेच पट्टे लेसरने मोजणारी यंत्रं) आले, पुढे संगणकी छापील अहवाल आले, तरी हा गोंधळ मिटला नाही. उलट शिखर-ते-दरी (सर्वात उंच आणि सर्वात खोल जागेतला फरक) मोजायचे की आरएमएस (सगळ्या पृष्ठभागावरच्या चुकांची एक प्रकारची सरासरी), हा आणखी एक फाटा फुटला. आरएमएसचा आकडा नेहमीच लहान, त्यामुळे जाहिरातीत तोच पुढे येतो. चूक पृष्ठभागाची की तरंगाग्राची (परावर्तित प्रकाशाची), कोणत्या कोनात, कोणत्या रंगात, यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याच्या सर्वात सोयीचा अर्थ धरावा. नॅनोमीटरमध्येच लिहिलं असतं तर वादच उरला नसता.

काचेचा किती भाग मोजला, हेही विचारावं. १५० मिमी व्यासाच्या, एफ/६ (फोकस अंतर व्यासाच्या सहापट) दुर्बिणीत तिरपा आरसा फोकसपासून २०० मिमी अंतरावर असेल, तर मधल्या ताऱ्याचा प्रकाश त्याच्या आखूड अक्षावर ३३ मिमीच व्यापतो. काठ थोडा उतरलेला असला तरी तिथे बिघडत नाही. संपूर्ण आरशाला सारखा गोलाकार बाक असेल तर मात्र सुटका नाही. ४५ अंशांमुळे लांब अक्षावरची चूक आखूड अक्षाच्या दुप्पट होते, आणि उरलेला ॲस्टिग्मॅटिझम (दोन काटकोनी दिशांचा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकवटण्याचा दोष) फोकस कितीही फिरवला तरी जात नाही.

हाच दोष बसवतानाही येतो. पाठीला इपॉक्सी पूर्ण थापली की ती आवळताना काच ओढते, म्हणून सिलिकॉनचे तीन ठिपके देतात. तारा फोकसच्या आत लांबट आणि बाहेर त्याला काटकोनात लांबट दिसला, तर मुख्य आरसा जागेवरच फिरवून पाहावा. लांबटपणाची दिशा त्याच्याबरोबर फिरली नाही, तर संशय तिरप्या आरशावर. अर्थात, आधी मान फिरवून आपला डोळा दोषी नाही ना, हे बघून घ्यावं.