माकडांना हाकलून माकडताप जाणार नाही

काजूचा हंगाम आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची चर्चा सुरू होते आणि पाठोपाठ मागणी येते की माकडांचा बंदोबस्त करा. 2015 साली पाली गावात हा ताप पसरला, तेव्हापासून लोक धास्तावलेले आहेत. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात, म्हणजे ही भीती खरीच आहे. पण राग भलत्यावर निघतो आहे.

1957 साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली. पुण्याहून गेलेल्या शास्त्रज्ञांना आधी पीतज्वराची शंका आली. निघाला तो डेंगीच्याच कुळातला, पण गोचिडीवाटे पसरणारा नवा विषाणू. हाच माकडतापाचा विषाणू.

प्रत्येक रोगजंतूची वाट ठरलेली असते. गोवर श्वासावाटे येतो. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदराच्या मुतातून शेतातल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. मलेरियाच्या परजीवीला डासाच्या शरीरात दहाएक दिवस वाढावे लागते. माकडतापाच्या विषाणूची वाट गोचिडीच्या लाळेतून जाते, आणि या लाळेइतकी विलक्षण गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही.

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या पात्यावर चढून पुढचे दोन पाय पसरून बसते. त्या पायांवरच्या खळग्यांतून तिला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि घामाचा वास कळतो. अंगावर आली की ती त्वचा कापून सोंड आत रुतवते. सोंडेवर मासे पकडायच्या गळासारखे उलटे काटे असतात, भोवती थिजणारा चिकट स्रावही सोडते. डास क्षणात चावून जातो. गोचिडीला मात्र काही दिवस रक्त प्यायचे असते. तेवढा वेळ शरीराला पत्ता लागू नये म्हणून लाळेत रक्त गोठू न देणारी, खाज दाबणारी आणि प्रतिकारपेशींना गप्प करणारी प्रथिने असतात. विषाणूला हेच हवे असते. जखमेकडे धावलेल्या पेशींतच तो शिरतो आणि त्यांच्यातून लसिकाग्रंथीपर्यंत पोचतो. या विषाणूच्या युरोपातल्या भावंडावरच्या प्रयोगांत तर असे दिसले, की एकाच प्राण्यावर जवळजवळ चिकटलेल्या दोन गोचिडींपैकी एक बाधित असेल तर दुसरीलाही लागण होते, प्राण्याच्या रक्तात विषाणू जेमतेम असला तरीही!

आता माकडांकडे येऊ. पावसाळा सरला की गोचिडीच्या अंड्यांतून सहा पायांची पिल्ले निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, माकडे यांचे रक्त पितात. मग गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांच्या बालगोचिडी होतात. कात टाकताना विषाणू आत टिकून राहतो. माणसाला चावतात त्या मुख्यतः या बालगोचिडी, तिळापेक्षा बारीक. त्यांचा सुकाळ डिसेंबर ते मे, आणि नेमक्या याच काळात आपली माणसे काजूच्या बागायतीत पालापाचोळ्यात वाकून बोंडू, म्हणजे काजूची फळे, गोळा करतात. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर पोसते, म्हणून रानात चरणारी गुरे विषाणू नाही तरी गोचिडींची संख्या वाढवतात.

बाधित माकडाच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. ते मेले की अंगावरच्या गोचिडी तिथेच पडतात आणि ती जागा घातक होते. माकडे मारली तर आपणच अशा जागा तयार करू, शिवाय रोगाची पहिली वर्दी देणारा प्राणी गमावू. मेलेल्या वानराला मारुतीचा अंश मानून हार घालायची, वाजतगाजत पुरायची रीत अनेक गावांत आहे. ती श्रद्धा मी समजू शकतो, पण त्या शवाभोवती जमणे जिवावर बेतू शकते. लांबूनच आरोग्य केंद्राला कळवावे, वनखात्यालाही.

रुग्णाकडून हा ताप दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा त्याच्या घरावर बहिष्कार नको. खास औषध नाही, जुन्या लसीचा प्रभावही कमी पडला. म्हणून बागायतीत जाताना पूर्ण अंग झाकावे, उघड्या अंगाला गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल लावावे, पाल्यावर बसू नये, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळावेत. चिकटलेली गोचीड काडीने जाळू नका, रॉकेल ओतू नका. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. आणि आठवडाभरात थंडी वाजून ताप, डोके-अंग प्रचंड दुखणे सुरू झाले तर डॉक्टरला सगळ्यांत आधी सांगा की आपण काजूच्या बागायतीत गेलो होतो.