हापूसच्या बाठ्यात लपलेला बोजा

रोपवाटिकेत रायवळचे, म्हणजे कलम न करता बाठ्यापासून वाढणाऱ्या आंब्याचे, बाठे पेरले की क्वचित एखादं रोप पांढरंफटक उगवतं. बाठ्यातला साठा पुरेल तेवढे दिवस तगतं, मग मान टाकतं. वाफ्याला नजर लागली म्हणणारेही भेटतात. नजरेने हरितद्रव्याचं जनुक मोडत नाही. ते मोडतं पेशीत डीएनएची नक्कल होताना.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. बहुतेक बिघाड असे, की एक प्रत धड असली तर झाड हिरवंगार. दोन्ही बिघडलेल्या एकत्र आल्या तरच नैसर्गिक निवडीला काही दिसतं. अशा बिघाडांपायी सगळ्या झाडांचं मिळून जे नुकसान होतं, तो जनुकीय बोजा.

ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1937 मध्ये दाखवलेली गंमत अशी, की बिघाड किती वाईट यावर हा बोजा ठरतच नाही. समजा, एका जनुकाच्या दर 1 लाख प्रतींत दर पिढीला 1 नवा बिघाड होतो. बिघाड जीवघेणा असेल, तर तो मिटण्याचा वेग नव्याने येण्याच्या वेगाशी जुळतो तेव्हा 1 लाखात 1 रोप मरतं. बिघाड सौम्य असेल, जोम फक्त 1 टक्का घटवणारा, तर तो झटकन निघत नाही, साचत राहतो. दोन्ही प्रती बिघडलेली रोपं हजारात 1 होतात. त्यांचा तोटा शंभरावा हिस्सा, म्हणजे पुन्हा लाखात 1! जीवघेण्या बिघाडातसुद्धा मरणारं रोप लाखात 1 असलं, तरी एक खराब प्रत लपवून मजेत फळणारं झाड साधारण 158 मध्ये 1 असतं.

हे रायवळचं गणित, जिथे पराग कुठल्याही झाडाचा येतो. हापूसचं तसं नाही. देवगडपासून रत्नागिरीपर्यंतची हापूसची कलमं जनुकांच्या हिशेबाने जवळपास एकच झाड. शेजारच्या बागेतून माशीने आणलेला हापूसचा परागही घरचाच. अशा बाठ्यात प्रत्येक लपलेला बिघाड दोन्ही प्रतींत उतरण्याची शक्यता 1/4. वीस बिघाड लपलेत असं धरलं, तर एकही उघडा न पडणारे बाठे हजारात जेमतेम 3. वर पराग आणि अंडपेशी बनताना जनुकांची फेरवाटणी होते ती वेगळीच. म्हणून ‘अस्सल हापूसच्या बाठ्याचं रोप, हमखास हापूस’ ही जाहिरात थापच.

खुंटाला, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या रोपाला, रायवळचा बाठा घेतात, तिथे निवड चालू असते. न रुजलेले बाठे, खुजी, वाकडी रोपं वाफ्यातच गळतात. तांबूस पानांची 10 ते 15 दिवसांची जोमदार रोपं कोय कलमाला, म्हणजे कोवळ्या रोपावर काडी बांधायला, घ्यायची. वर बांधलेली हापूसची काडी मात्र कित्येक पिढ्या या चाळणीतून गेलेलीच नाही. फांदीत नवा बिघाड झाला तर तो काडीबरोबर पुढच्या कलमात जातो, आणि एका प्रतीचा बिघाड काडी निवडणाऱ्याच्या डोळ्यांनाही दिसत नाही.