फायोलचा साकव

साल १८६१. फ्रान्समधल्या कॉमांत्रीच्या कोळसा खाणीत सहाव्या पातळीवर कामाला असलेल्या घोड्याचा पाय मोडला. तरुण अभियंता आंरी फायोल याने बदली घोड्यासाठी चिठ्ठी लिहिली. तबेलेवाल्याने ती घेतलीच नाही, कारण तिच्यावर संचालकांची सही नव्हती. संचालक हजर नव्हते आणि त्यांच्या जागी सही करायला कोणी नेमलेलं नव्हतं. फायोलने परोपरीने विनवलं, पण तबेलेवाला हुकमाला चिकटून राहिला. त्या पातळीवरचं उत्पादन बुडालं. मला इथे तबेलेवाल्याला बोल लावावासा वाटत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेला हुकूम त्याने पाळला.

पुढे १८८८ मध्ये हाच फायोल ती खाण चालवणाऱ्या, डबघाईला आलेल्या कंपनीचा प्रमुख झाला आणि त्याने ती सावरली. १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. आपल्याकडे बारावी वाणिज्यची मुलं ती पाठ करतात, पण त्यातला सगळ्यात सुंदर भाग, म्हणजे अधिकाराच्या उतरंडीतून काढलेली थेट वाट, बहुधा घाईत उरकला जातो.

अधिकाराची उतरंड मुळात लागते कशाला? दहा माणसांत ४५ जोड्या होतात, शंभरांत ४,९५०. सगळेच सगळ्यांशी बोलू लागले तर काम कधी करणार? प्रत्येकाला एकच वरिष्ठ दिला, की शंभर माणसांत फक्त ९९ दुवे उरतात. याची किंमत मोजावी लागते ती वेळात. दोन वेगळ्या खात्यांत, वरून सहाव्या पायरीवर बसलेल्या दोघांना एकमेकांशी काम पडलं, तर कागद पाच पायऱ्या वर चढणार, पाच उतरणार आणि उत्तर तितकंच फिरून येणार. एकूण वीस टप्पे!

फायोलने या दोघांमध्ये सरळ साकव टाकला. दोघांच्या लगतच्या वरिष्ठांनी परवानगी द्यायची. या दोघांनी परस्पर ठरवायचं आणि काय ठरलं ते वरिष्ठांना लगेच कळवायचं. एकमत झालं नाही किंवा परवानगी काढून घेतली, तर पुन्हा उतरंडीची वाट. लगेच कळवण्याची अट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे वरिष्ठ अंधारात राहत नाही आणि कामही अडत नाही. विनाकारण उतरंड सोडणं चूक, पण नुकसान होत असताना तिला धरून बसणं त्याहून मोठी चूक, असं फायोलचं स्पष्ट मत होतं.

आपल्या सरकारी पत्रांच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ ही ओळ असते. साकवावरून थेट गेलेल्या पत्राला तेवढी एक ओळ पुरते.